स्नॅप काढून फ्लॅटपॅक घ्यावे का : लिनक्सवरील ॲपचे स्वरूप बदलण्यापूर्वी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावात बेदाण्याची अडत असलेल्या पेढीच्या कचेरीत एका जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ हे लिनक्स चालते. फायरफॉक्स, थंडरबर्ड, व्हीएलसी आणि गिंप ही चारही ॲप (अनुक्रमे ब्राउझर, मेल, व्हिडिओ आणि चित्र संपादन यांची) स्नॅप स्वरूपात आहेत, आणि लेबल छापण्याचे एक साधन ॲपइमेज, म्हणजे न बसवता चालणारी एकच फाइल, म्हणून मिळाले आहे. सकाळी फायरफॉक्स उघडायला फार वेळ लागतो, पेनड्राइव्हवरील फायली काही ॲपना दिसत नाहीत, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असताना स्नॅप आपोआप अपडेट होऊन दिवसाचा डेटा संपवून टाकते. तेव्हा स्नॅप मुळासकट काढून सगळे फ्लॅटपॅक या दुसऱ्या स्वरूपावर न्यावे का, आणि नेल्यास जुनी मेल, बुकमार्क व पासवर्ड शाबूत राहतील का, असे आपण विचारले आहे.

सांगलीत आणि आसपासच्या तालुक्यांत कचेऱ्यांचे लिनक्स संगणक सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्या आधारावर माझे उत्तर असे की, सगळे एकदम हलवू नये. ॲपला स्वतःच्या चौकटीबाहेरच्या कशाकशाला हात लावावा लागतो, ते प्रत्येक ॲपपुरते पाहावे आणि त्यावरून त्याचे स्वरूप ठरवावे. आपल्या चार ॲपपैकी व्हीएलसी आणि गिंप खुशाल फ्लॅटपॅकवर न्यावीत, फायरफॉक्स त्याच्या निर्मात्या मोझिलाच्या डेब पॅकेजवर (डेब म्हणजे उबुंटूचे जुने, पारंपरिक स्वरूप) न्यावा, आणि थंडरबर्डला सर्वांत शेवटी, बॅकअप हाती आल्यावरच हात लावावा. बेदाण्याचा हंगाम आणि मार्चअखेरची गडबड उरकेपर्यंत तर यातले काहीच करू नये.

आता कारणे. स्नॅप ही उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीची व्यवस्था. तिच्यात प्रत्येक ॲप ही स्क्वॉशएफएस प्रकारची एक दाबून बसवलेली फाइल असते. ती चालू संगणकात माउंट होते, म्हणजे डिस्कसारखी जोडली जाते, आणि लागेल तेवढा भाग वाचताना उलगडला जातो. संगणक चालू केल्यावर पहिल्यांदा ॲप उघडताना हा सगळा खटाटोप होतो, दुसऱ्यांदा तेच ॲप मेमरीतून पटकन उघडते. आपली तक्रार ‘सकाळी’ उघडण्याबद्दलच आहे, ती यामुळे. पण लॅपटॉपात अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर स्वरूप बदलून मिळणारा फायदा एसएसडी बसवून मिळणाऱ्या फायद्यापुढे किरकोळ ठरतो, हे आधी लक्षात घ्यावे. डिस्क कोणती आहे ते ‘एलएसबीएलके’ कमांडला ‘आरओटीए’ हा रकाना दाखवायला सांगितले की कळते. तिथे १ असेल तर डिस्क फिरणारी आहे. तसे असेल तर आधी एसएसडी बसवून घ्यावी आणि मग हे उत्तर पुन्हा वाचावे.

फ्लॅटपॅकची सुरुवात रेड हॅटचे अलेक्झांडर लार्सन यांनी ‘एक्सडीजी-ॲप’ या नावाने केली आणि २०१६ मध्ये त्याचे आजचे नाव ठरले. त्यात ॲपला लागणारी सामाईक लायब्ररी ‘रनटाइम’ म्हणून वेगळी ठेवतात. हा हिशेब आपल्याकडच्या सामाईक विहिरीसारखा आहे : पहिल्या शेतकऱ्याला विहीर खोदण्याचा खर्च पडतो, दुसऱ्याला फक्त पाइप टाकावा लागतो. एकट्या व्हीएलसीसाठी फ्लॅटपॅक बसवले तर ॲपपेक्षा रनटाइमच मोठा उतरतो, शेकडो एमबीचा, आणि लोक वैतागतात. त्याच रनटाइमवर चालणारे पुढचे ॲप मात्र हलके उतरते. यातही मेख आहे. एक ॲप ग्नोम या डेस्कटॉपच्या रनटाइमच्या एका आवृत्तीवर, दुसरे त्याच्याच जुन्या आवृत्तीवर आणि तिसरे केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या रनटाइमवर असेल, तर तीन विहिरी खोदल्या जातात. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्या ड्रायव्हरच्या नेमक्या आवृत्तीशी जुळणारा भागही फ्लॅटपॅक वेगळा उतरवून घेते, आणि मूळ ड्रायव्हर अपडेट झाला की तोही पुन्हा उतरतो. म्हणून ‘स्नॅप डेटा खाते, फ्लॅटपॅक खात नाही’ हा समज मनातून काढावा. दोन्हींत फरक एवढाच की फ्लॅटपॅक स्वतः होऊन अपडेट उतरवत नाही. ते काम डेस्कटॉपचे सॉफ्टवेअर केंद्र करते किंवा आपण कमांड देऊन करतो, त्यामुळे लगाम आपल्या हातात राहतो.

आणि डेटा हीच मुख्य अडचण असेल, तर तिच्यासाठी स्वरूप बदलण्याचीही गरज नाही. स्नॅप मुळात दिवसातून चार वेळा अपडेट तपासते. वाय-फायच्या सेटिंगमध्ये आपल्या हॉटस्पॉटच्या जोडणीवर ‘मीटर्ड कनेक्शन’ ही खूण करावी, आणि टर्मिनलमध्ये ‘स्नॅप सेट सिस्टिम’ या कमांडने ‘रिफ्रेश डॉट मीटर्ड’ या सेटिंगची किंमत ‘होल्ड’ करावी. त्यानंतर त्या जोडणीवर असताना अपडेट आपोआप उतरत नाहीत. ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी लॅपटॉप जोडला की उतरतात. ठरावीक ॲपचे अपडेट काही काळ थांबवायचे असतील तर ‘स्नॅप रिफ्रेश’ला ‘होल्ड’ हा पर्यायही देता येतो. ब्राउझरचे अपडेट मात्र फार काळ अडवून ठेवू नयेत. ज्या यंत्रावरून बँक आणि जीएसटीचे काम होते, तिथे जुना ब्राउझर हा डेटा संपण्याहून मोठा धोका आहे.

फायरफॉक्स डेबवर न्यावा असे मी म्हणतो, त्याला वेगळे कारण आहे. फायरफॉक्स उबुंटू २१.१० मध्ये मुळातून स्नॅप झाला आणि २२.०४ पासून उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातले डेब केवळ नावापुरते उरले. ते बसवायला गेले की स्नॅपच बसते. स्नॅप काय किंवा फ्लॅटपॅक काय, दोन्हींत ब्राउझर कुंपणाच्या आत, म्हणजे बाकीच्या यंत्रणेपासून वेगळा ठेवून, चालतो, आणि एरवी ते चांगलेच आहे. पण कचेरीत डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन वापरले जात असेल, तर त्याचा ड्रायव्हर ‘/यूएसआर/लिब’खालच्या एखाद्या ‘एसओ’ फाइलमध्ये बसलेला असतो, आणि फायरफॉक्सच्या ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’ या चौकटीत त्या फाइलचा पत्ता द्यावा लागतो. कुंपणातल्या फायरफॉक्सला तो पत्ता दिसत नाही, कारण त्याचे ‘/यूएसआर’ निराळे असते. मग माणूस ड्रायव्हर तीनतीनदा बसवतो, टोकन बदलून मागवतो, आणि दोष शेवटपर्यंत टोकनवरच जातो. ज्याला यंत्राच्या बाकीच्या भागाशी असे थेट बोलावे लागते, ते डेबच असावे. स्कॅनरचेही तसेच : कंपनीने दिलेला डेब ड्रायव्हर फ्लॅटपॅकमधल्या स्कॅनिंग ॲपला सापडत नाही, तेव्हा स्कॅनिंगचे ॲप उबुंटूच्याच भांडारातले ठेवावे. छपाईत सहसा अडचण येत नाही, कारण ती मुख्य यंत्रणेतल्या छपाई सेवेमार्फत होते.

मोझिला आता स्वतःचे एपीटी भांडार चालवते (एपीटी म्हणजे डेब पॅकेजे उतरवून बसवणारी उबुंटूची यंत्रणा). ते जोडल्यावर एक गोष्ट न विसरता करावी. उबुंटूच्या त्या पोकळ फायरफॉक्स पॅकेजच्या आवृत्तीच्या आकड्यापुढे ‘१:’ असा उपसर्ग लावलेला आहे, आणि एपीटीच्या हिशेबात हा उपसर्ग मागच्या कोणत्याही आकड्यापेक्षा वरचढ ठरतो. म्हणजे मोझिलाचा फायरफॉक्स कितीही नवा असला तरी एपीटी पोकळ पॅकेजच ‘नवे’ समजते आणि आपण काढलेला स्नॅप मागच्या दाराने परत आणते. त्यासाठी ‘/ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी’ या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवून मोझिलाच्या भांडाराला १००० हे प्राधान्य द्यावे लागते. मोझिलाच्या सूचनांत ही पायरी दिलेली आहे, पण अनेक जण ती गाळतात.

आता प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, मेल असा आपला डेटा ठेवणारा फोल्डर. कोणत्याही स्वरूपात ॲप आणि ॲपचा डेटा या दोन वेगळ्या वस्तू असतात आणि स्वरूप बदलले की डेटाचा पत्ता बदलतो. स्नॅपमधल्या फायरफॉक्सचे प्रोफाइल होम फोल्डरातील ‘स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन/.मोझिला’ येथे असते, डेबचे सामान्यतः होममधल्याच ‘.मोझिला’ या लपलेल्या फोल्डरात (अलीकडच्या आवृत्त्यांत कधी ‘.कॉन्फिग/मोझिला’मध्ये), आणि फ्लॅटपॅकचे ‘.व्हार/ॲप’च्या आत त्या ॲपच्या लांब नावाच्या फोल्डरात. पाठ केलेल्या पत्त्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा फायरफॉक्सच्या हेल्प मेनूतून ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडावे. तिथे ‘प्रोफाइल डिरेक्टरी’ या ओळीसमोर चालू प्रोफाइलचा खरा पत्ता आणि तो फोल्डर उघडण्याचे बटण असते.

तो फोल्डर पाहून ठेवल्यावर फायरफॉक्स पूर्ण बंद करावा आणि सबंध फोल्डर जसाच्या तसा नव्या जागी कॉपी करावा. निवडक फायली उचलण्याच्या फंदात पडू नये : बुकमार्क आणि इतिहास ‘प्लेसेस’ नावाच्या डेटाबेसमध्ये असतात, पासवर्ड ‘लॉगिन्स’ नावाच्या फाइलमध्ये असतात, पण ते उघडण्याची किल्ली ‘की४’ या निराळ्या फाइलमध्ये असते, आणि दोन्हींपैकी एक जरी मागे राहिली तरी पासवर्ड वाचता येत नाहीत. मग नवा फायरफॉक्स उघडून पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:प्रोफाइल्स’ लिहावे, नवे प्रोफाइल तयार करताना ‘चूझ फोल्डर’ने हा कॉपी केलेला फोल्डर दाखवावा आणि त्यालाच डीफॉल्ट करावे.

यात दोन ठिकाणी माणूस घाबरतो. संगणक पूर्वी उबुंटू २०.०४ वर असून तिथून अपग्रेड होत आला असेल, तर त्या काळातील डेब फायरफॉक्सचे प्रोफाइल ‘.मोझिला’ फोल्डरात अजून पडून असते. नवे डेब प्रथम तेच उघडते, समोर चार वर्षांपूर्वीचे बुकमार्क दिसतात आणि मधले सगळे गेले असे वाटते. काहीही गेलेले नसते; ‘अबाउट:प्रोफाइल्स’मधून योग्य प्रोफाइल निवडायचे असते. दुसरे असे की, प्रोफाइल ज्या आवृत्तीने शेवटचे वापरले, त्याहून जुन्या आवृत्तीचा फायरफॉक्स ते उघडायला नकार देतो आणि नवे प्रोफाइल बनवायला सांगतो. म्हणून नवे पॅकेज निदान स्नॅपच्याच आवृत्तीइतके नवे आहे ना, हे कॉपी करण्याआधी पाहावे. क्रोमियम ब्राउझरवाल्यांसाठी जाता जाता : त्याचे पासवर्ड अनेकदा डेस्कटॉपच्या कीरिंगशी, म्हणजे पासवर्ड जपणाऱ्या तिजोरीशी, बांधलेले असतात, त्यामुळे तिथे नुसता फोल्डर नेऊन भागेलच असे नाही. आधी पासवर्ड सीएसव्हीमध्ये निर्यात करून घ्यावेत आणि काम झाल्यावर ती उघडी फाइल आठवणीने पुसावी.

थंडरबर्डला शेवटी हात लावा, असे म्हणण्याचे कारण मेलचा प्रकार हे आहे. खाते आयमॅपचे असेल तर मेल सर्व्हरवर असते, आणि प्रोफाइल हरवले तरी फार तर पुन्हा उतरवावी लागते. जुन्या पेढ्यांची खाती मात्र अजून पॉप पद्धतीची सापडतात, आणि मेल उतरवून सर्व्हरवरून पुसण्याची सेटिंग असेल तर व्यापाऱ्यांशी झालेला सगळा पत्रव्यवहार केवळ या एका लॅपटॉपवरच्या प्रोफाइलमध्ये असतो. खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा प्रकार लिहिलेला असतो, तो आधी पाहावा. पॉप असेल तर ‘स्नॅप/थंडरबर्ड/कॉमन’मधील ‘.थंडरबर्ड’ हा सबंध फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, दुसऱ्या संगणकावर तो उघडून एखादे जुने पत्र वाचून पाहावे, आणि मगच पुढे जावे. पुढची कृती फायरफॉक्ससारखीच आहे. खरे सांगायचे तर थंडरबर्ड आपल्याकडे बिनतक्रार चालत असेल, तर तो स्नॅपमध्येच राहू द्यावा, असे माझे मत आहे.

ॲप काढताना ‘पर्ज’ हा पर्याय वापरू नये. साध्या ‘स्नॅप रिमूव्ह’ने ॲप काढले की स्नॅप त्याच्या डेटाची एक प्रत आपोआप बाजूला ठेवते आणि ती ३१ दिवस राखते, ‘स्नॅप सेव्हड’ने यादी दिसते आणि ‘स्नॅप रिस्टोअर’ने परत आणता येते. ‘पर्ज’ने ही प्रत बनतच नाही. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी कमांडसोबत ‘पर्ज’ चिकटवलेलाच असतो, त्यामुळे आंधळेपणाने कॉपी-पेस्ट करू नये. प्रोफाइल मोठे असेल तर काढण्याची क्रिया बराच वेळ एकाच जागी थांबल्यासारखी दिसते. प्रत तयार होत असते, मध्येच बंद करू नये. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसेल तर लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवूनच हे करावे.

स्नॅपचा फायरफॉक्स काढल्यावर मेलमधल्या दुव्यावर क्लिक करून काहीच होत नाही, अशी तक्रार हमखास येते. स्नॅपच्या चिन्हाच्या फाइलचे नाव ‘फायरफॉक्स_फायरफॉक्स’ असे जोडनाव असते आणि डीफॉल्ट ब्राउझर म्हणून तेच नोंदलेले राहते. ती फाइल गेली की नोंद हवेत राहते. सेटिंगमधील ‘डीफॉल्ट ॲप्स’मध्ये नवा फायरफॉक्स एकदा निवडला की काम होते. डॉकवरचे जुने चिन्हही काढून नवे लावावे. एकाच ॲपची दोन स्वरूपे शेजारी शेजारी ठेवू नयेत, कारण कर्मचारी कधी एक उघडतो, कधी दुसरे, आणि पंधरवड्यात बुकमार्क दोन्हींत विभागले जातात.

व्हीएलसी आणि गिंपसाठी फ्लॅटपॅक बसवायचे तर उबुंटूच्या भांडारातून ‘फ्लॅटपॅक’ हे पॅकेज घ्यावे, फ्लॅटहब हे भांडार जोडावे, आणि एकदा संगणक पुन्हा सुरू करावा. नाहीतर ॲप बसते पण मेनूत चिन्ह दिसत नाही. ही ॲप मुळात ‘/व्हार/लिब/फ्लॅटपॅक’मध्ये, म्हणजे रूट (यंत्रणेच्या मुख्य) विभाजनावर बसतात. होम वेगळ्या विभाजनावर असून रूट लहान असेल तर ‘युजर’ पर्यायाने बसवावे, म्हणजे सगळे होममध्ये जाते. हे पहिले उतरवणे हॉटस्पॉटवर करू नये. सांगलीला येणे होईल तेव्हा लॅपटॉप सोबत आणावा आणि ओळखीच्या एखाद्या कचेरीच्या फायबरवर तासाभरात उरकावे. काही महिन्यांनी ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल’ला ‘अनयूज्ड’ हा पर्याय देऊन वापरात नसलेले जुने रनटाइम काढून टाकावेत.

पेनड्राइव्हची तक्रार स्नॅपमध्येही दूर करता येते आणि फ्लॅटपॅकमध्येही तीच उद्भवू शकते, कारण कुंपण दोघांनाही आहे. स्नॅपच्या बहुतेक ॲपना ‘रिमूव्हेबल-मीडिया’ ही जोडणी आपोआप मिळत नाही. ‘स्नॅप कनेक्ट’ने ती एकदा द्यावी लागते. फ्लॅटपॅकमध्ये हीच परवानगी फ्लॅटसील नावाच्या ॲपमधून देता येते : ॲप निवडावे, फाइलसिस्टिमच्या भागात ‘/मीडिया’ हा पत्ता जोडावा, कारण उबुंटू पेनड्राइव्ह तिथेच माउंट करते, आणि ॲप बंद करून उघडावे. परवानगी नसतानाही ‘ओपन’च्या खिडकीतून फाइल निवडली तर ती उघडते, आणि इथेच फसगत होते. ही खिडकी ‘पोर्टल’ नावाच्या यंत्रणेची असते आणि ती ॲपला फक्त तेवढी एक फाइल देते. परवानगी नसलेल्या व्हिडिओ ॲपने पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ उघडला तर चित्र दिसेल, पण शेजारीच ठेवलेली सबटायटलची फाइल आपोआप सापडणार नाही. एखादी प्लेलिस्ट उघडली तर तिच्यातली नावे दिसतील आणि एकही वाजणार नाही. फाइलचा पत्ता ‘/रन/युजर/१०००/डॉक’ असा काही विचित्र दिसला की समजावे, हे पोर्टलचे काम आहे आणि त्या ॲपला फोल्डरची परवानगी द्यायची राहिली आहे.

प्रत्येक नव्या ॲपमध्ये मराठी टंकन पहिल्याच दिवशी तपासावे. आयबसवर (उबुंटूच्या टंकन यंत्रणेवर) इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक जे वापरत असाल त्याने ‘दऱ्या’, ‘ज्ञ’ आणि ‘ॲ’ ही अक्षरे उमटतात का, आणि टंकताना अर्धे अक्षर गळत नाही ना, हे पाहावे. फ्लॅटपॅक आणि डेबमध्ये सहसा ठीक चालते. जुन्या ॲपइमेजमध्ये मात्र स्वतःसोबत आणलेल्या जुन्या लायब्ररींमुळे कधी कधी फक्त इंग्रजीच उमटते.

लेबल छापण्याच्या ॲपइमेजबद्दल थोडक्यात. ती एकच फाइल असते, काही बसवावे लागत नाही, डेटा नेहमीच्या ‘.कॉन्फिग’मध्ये जातो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला कुंपण नसते. आपण जे जे करू शकतो ते सर्व तीही करू शकते. उबुंटू २४.०४ वर ती उघडत नसेल तर बहुधा ‘लिबफ्यूज२टी६४’ हे पॅकेज नसते, ते बसवावे. फ्यूज२ बसवायच्या नादात ‘फ्यूज’ नावाचे पॅकेज बसवू नये. त्याने डेस्कटॉपचे इतर भाग उखडल्याची उदाहरणे आहेत. फाइल निर्मात्याच्या अधिकृत जागेवरूनच घ्यावी. भांडारातले आहे म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही : स्नॅपच्या भांडारात २०२३ मध्ये खोटी क्रिप्टो वॉलेट शिरली आणि त्यानंतर नव्या नावांची तपासणी माणसांकडून सुरू करावी लागली. फ्लॅटहबवर ॲपच्या नावाशेजारी ‘व्हेरिफाइड’ची खूण असते, पैशाशी संबंध असलेल्या कोणत्याही ॲपसाठी ती नसेल तर ते घेऊ नये.

स्नॅप मुळासकट काढण्याच्या बाबतीत माझा सल्ला ‘नको’ असाच आहे. उबुंटू २४.०४ मधील ॲप सेंटर हेच मुळात स्नॅप आहे, फर्मवेअर अपडेट करणारे साधनही स्नॅप आहे, आणि थंडरबर्ड तिथेच राहणार असेल तर पायाच काढण्यात अर्थ नाही. स्नॅप अजिबातच नको असेल, तर लिनक्स मिंट घ्यावे : ते २०२० मधल्या २० व्या आवृत्तीपासून स्नॅप मुळातच अडवून ठेवते, फ्लॅटपॅक तयार देते आणि फायरफॉक्स स्वतः डेब स्वरूपात पुरवते. उबुंटूशी भांडत बसण्यापेक्षा ते कमी कष्टाचे आहे.

हे सारे झाल्यावर बॅकअपची यादी बदलावी. कचेरीतले बॅकअप पुष्कळदा ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ एवढेच घेतात, किंवा लपलेले फोल्डर मुद्दाम वगळतात. आता ‘.मोझिला’ (किंवा फायरफॉक्सचे प्रोफाइल जिथे असेल तो फोल्डर) आणि ‘.व्हार/ॲप’ हे दोन लपलेले फोल्डर आणि थंडरबर्डसाठी ‘स्नॅप/थंडरबर्ड/कॉमन’ यादीत घालावेत, ‘.व्हार/ॲप’मधील प्रत्येक ॲपचा ‘कॅश’ हा उपफोल्डर मात्र वगळावा, नाहीतर डिस्क विनाकारण भरते.